दैवाची हद्द

जावा बेटावरील योग्यकर्ता नगरीच्या उत्तरेस सुमारे तीस किलोमीटरांवर मेरापी नावाचा जो जागृत ज्वालामुखी उभा आहे, त्याच्यावर दोन प्रकारच्या राखणदारांची नेमणूक आहे. पहिला राखणदार सुलतानांच्या दरबाराने नेमलेला. पर्वतात वसणाऱ्या अदृश्य सत्तेशी दरबाराचे सख्य राखावे, दरसाल राजवाड्यातून येणारी वस्त्रे व धूप घेऊन डोंगर चढावा आणि ‘लबुहान’ नावाचा अर्पणविधी यथासांग पार पाडावा, ही त्याची वतनासारखी चालत आलेली कामगिरी. दुसरे राखणदार सरकारी वेधशाळेचे. पर्वताच्या निरनिराळ्या अंगांना बांधलेल्या चौक्यांत बसून ते भूकंपमापकाची रेषा रात्रंदिवस पाहतात, विवरातून निघणाऱ्या वायूंचे प्रमाण मोजतात आणि पर्वताची कूस किती फुगली याची नोंद दप्तरी ठेवतात. 26 ऑक्टोबर 2010 रोजी सायंकाळी पाच वाजून दोन मिनिटांनी मेरापीचा उद्रेक झाला, तेव्हा हे दोन्ही राखणदार आपापल्या परीने कर्तव्यावर होते. आणि ज्या आपत्तीची पूर्वसूचना मिळू शकते तिला दैव म्हणावे की नाही, व दैव म्हणावयाचे नसेल तर मनुष्याच्या माथी कोणते नवे ऋण येते, हा धर्मचिंतनातला जुना प्रश्न त्या सायंकाळी जितक्या स्पष्टपणे उभा राहिला तितका क्वचितच राहिला असेल.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी पूर्वसूचना म्हणजे काय हे नीट पाहिले पाहिजे, कारण भविष्यकथनाच्या आपल्या परिचित कल्पनेशी तिचे काही नाते नाही. भूगर्भातील तप्त शिलारस वर चढू लागला की वाटेतले खडक तडकतात आणि त्या तडकण्याचे लहान लहान भूकंप यंत्रावर उमटतात. शिलारसाला जागा करून देताना पर्वताचे अंग फुगते. आणि वरचा दाब कमी होऊ लागताच त्यात विरघळलेले वायू सुटून बाहेर पडतात. मेरापीच्या माथ्यानजीक ठिकठिकाणी परावर्तक आरसे बसवलेले आहेत. चौकीतला निरीक्षक त्यांच्यावर लेसरचा किरण सोडतो, तो परत येईपर्यंतच्या काळावरून अंतर काढतो आणि कालच्या आकड्याखाली आजचा आकडा लिहितो. कूस फुगली की आरसा चौकीकडे सरकतो व अंतर घटते. त्या सालच्या सप्टेंबरपासून हे अंतर घटत चालले होते, आणि उद्रेकापूर्वीच्या अखेरच्या एकदोन दिवसांत तर ते दिवसाला अर्ध्या मीटरपर्यंत घटू लागले. एक अवाढव्य पर्वत मनुष्याच्या हातभर लांबीने रोज पुढे सरकत होता. 20 सप्टेंबरला इशाऱ्याची पातळी एकाने वाढवली गेली, 21 ऑक्टोबरला आणखी एकाने, आणि 25 ऑक्टोबरच्या सकाळी सहा वाजता इंडोनेशियाच्या ज्वालामुखी खात्याचे प्रमुख सुरोनो यांनी चौथी, म्हणजे सर्वांत वरची पातळी जाहीर करून शिखरापासून दहा किलोमीटरांच्या आतला मुलूख रिकामा करण्याची शिफारस केली. उद्रेक झाला तो त्यानंतर सुमारे पस्तीस तासांनी.

त्या दहा किलोमीटरांच्या निम्म्याच अंतरावर, दक्षिण उतारावरील किनारेजो या गावी, दरबाराचे राखणदार मारिजान राहत होते. वय ऐंशीच्या पुढे गेलेले, लोकांच्या तोंडी ‘म्बाह’ म्हणजे आजोबा, आणि नववे सुलतान हमेंगकुबुवोनो यांच्या हातची नेमणूक झालेले हे गृहस्थ त्या प्रांतात अत्यंत आदराचे स्थान पावले होते. गाव सोडण्याची विनंती त्यांना झाली. त्यांनी ती मानली नाही. पर्वत सोपवला आहे तो आपल्यावर, आणि संकटाच्या घटकेलाच त्याला पाठ दाखवायची तर मग त्या नेमणुकीला अर्थ काय उरला, अशी त्यांची धारणा होती. संध्याकाळी राखेचा व वायूचा तप्त लोट उतारावरून खाली आला आणि किनारेजोवरून निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्यांचा देह घरात सापडला तो प्रार्थनेत मस्तक भूमीला टेकवावे तशा स्थितीत. परंतु तो एकटा नव्हता. त्याच घराच्या परिसरात इतरही मृतदेह सापडले, आणि त्यांत त्यांना खाली आणण्यासाठी गेलेला एक पत्रकार व मदतकार्यातला एक स्वयंसेवक हेही होते.

या घटनेवर दोन निकाल अगदी सहज दिले जातात, आणि माझ्या मते ते दोन्ही अपुरे आहेत. एक निकाल असा की, हा अंधश्रद्धेचा बळी. परंतु ज्याने आपले पद लाभासाठी स्वीकारले नाही, ज्याने संकटाच्या वेळी पदाचे भोग नव्हे तर पदाचे भोक्तव्य पत्करले, त्याच्या निष्ठेला केवळ अज्ञान म्हणून बाजूस सारणे हे निष्ठा या गुणाविषयीच आपले अज्ञान प्रकट करण्यासारखे आहे. दुसरा निकाल असा की, हा स्वधर्मात आलेला मृत्यू, म्हणून सर्वथा श्रेयस्कर. हा निकाल देणारे मात्र त्या पत्रकाराला व त्या स्वयंसेवकाला विसरतात. स्वतःच्या व्रतासाठी स्वतःचे प्राण पणाला लावण्याचा अधिकार मनुष्याला असेल; पण ज्याच्या उभे राहण्यावरून इतर लोक आपले उभे राहणे ठरवतात, त्याचे व्रत त्याच्या एकट्याचे राहत नाही. ज्याला जनांनी प्रमाण मानले, त्याच्या स्वधर्मात त्या जनांचे रक्षण अंतर्भूत होतेच.

शिवाय या श्रद्धेच्या पोटात एक अनुमान दडलेले होते, आणि ते तपासून पाहिले पाहिजे. 2006 साली मेरापी असाच खवळला होता. तेव्हाही मारिजान हलले नव्हते आणि तेव्हा किनारेजो वाचले होते. लोकांनी त्यावरून असे मानले की आजोबांना पर्वत कळतो. वस्तुतः त्या साली तप्त लोट जवळच्याच दुसऱ्या घळीने उतरला आणि काळिआदेम येथील आश्रयगृहात दोन माणसे त्यात दगावली. म्हणजे किनारेजोवर कृपा झाली असे म्हणावे, तर ती कृपा डोंगराच्या उताराने ठरवली होती. फळ चांगले मिळाले एवढ्यावरून निर्णय योग्य होता असे मानणे, ही मानवी बुद्धीची अत्यंत जुनी खोड आहे आणि ती केवळ श्रद्धावंतांना जडलेली आहे असेही नाही.

कारण हीच खोड वेधशाळेच्या बाजूलाही तितकीच घात करते, हे ग्वादलूप बेटाच्या कथेवरून दिसते. 1976 साली त्या बेटावरील ला सूफ्रिएर हा ज्वालामुखी वाफा आणि राख ओकू लागला. मोठा उद्रेक जवळ आहे काय यावर शास्त्रज्ञांत तीव्र मतभेद झाले. हारून ताझिएफ म्हणत होते की धोका नाही, क्लोद आलेग्र यांचा पक्ष याच्या उलट होता, आणि हा वाद चारचौघांत, वृत्तपत्रांतून गाजला. अखेर सरकारी हुकमाने सत्तर हजारांवर लोकांना घरेदारे सोडून कित्येक महिने बाहेर राहावे लागले, आणि तो मोठा उद्रेक झालाच नाही. लोकांची शेती गेली, व्यापार बसला, आणि ‘उगाच पळवले’ हा ठपका शास्त्राच्या कपाळी कायमचा बसला. आता विचार करावा : उद्रेक झाला नाही म्हणून ते स्थलांतर चूक ठरते काय? तसे मानले, तर 2006 साली किनारेजो वाचले म्हणून मारिजान यांचा निर्णय बरोबर होता असेही मानावे लागेल. दोन्ही ठिकाणी न्याय एकच लावला पाहिजे. निर्णयाची परीक्षा निर्णयाच्या घटकेला जे ज्ञान हाती होते त्यावरून व्हावी, पुढे काय घडले त्यावरून नव्हे. ताझिएफ यांना श्रेय द्यावयाचे ते पर्वत शांत राहिला म्हणून नव्हे, तर हाती असलेला पुरावा त्यांनी अधिक काटेकोरपणे वाचला असेल तर, आणि तेवढ्यापुरतेच.

फलाची आसक्ती सोडून कर्म करण्याचा जो उपदेश आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो, त्याचा अर्थ मला ज्वालामुखीच्या शास्त्रात जितका उलगडला तितका मठांतील निरूपणांत उलगडला नाही. पूर्वसूचना देणारा मनुष्य अशा जागी बसलेला असतो की तेथे निश्चित ज्ञान कधीच मिळत नाही; त्याला संभवनीयता तेवढी कळते. इशारा दिला आणि काही झाले नाही, तर लोक त्याची संभावना करतील. इशारा दिला नाही आणि घात झाला, तर हजारोंचे प्राण त्याच्या मौनाच्या खाती जमा होतील. कीर्तीची इच्छा आणि अपकीर्तीची भीती यांपैकी एक जरी मनात शिरली, तरी यंत्रावरची रेषा वाकडी वाचली जाण्याचा संभव आहे. म्हणून या कामी अनासक्ती ही साधूच्या अलंकाराची बाब राहत नाही, ती अचूक निरीक्षणाची पूर्वअट होते. मात्र अनासक्ती म्हणजे बेफिकिरी नव्हे. फळावर हक्क नसलेल्या मनुष्यावर साधनाची जबाबदारी उलट अधिक कडक असते. आकडा पुन्हा तपासावा, शंका असेल तर ती शंका म्हणून स्पष्ट सांगावी, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचा आव आणू नये, हे या कर्मयोगाचे नियम आहेत. मेरापीवरच पुढे 3 नोव्हेंबरला धोक्याची हद्द पंधरा किलोमीटरांवर आणि 5 नोव्हेंबरच्या त्या भयंकर रात्री वीस किलोमीटरांवर न्यावी लागली. पहिली हद्द अपुरी ठरली हे वेधशाळेने लपवले नाही, तात्काळ दुरुस्त केले. साडेतीनशेच्या वर माणसे त्या उद्रेकांत दगावली, आणि त्यांतील फार मोठा भाग त्या एका रात्रीचा होता. पण सुमारे चार लाख लोक हलवले गेले आणि त्यामुळे किमान दहा हजार प्राण वाचले असावेत, असा शास्त्रज्ञांचा पुढचा अंदाज आहे.

याउलट ज्ञान हाती असून कर्म घडले नाही, तर काय होते याचा दाखला कोलंबियातील आर्मेरो या नगराने दिला आहे. नेवादो देल रुइस या बर्फाच्छादित ज्वालामुखीपासून ते सत्तरावर किलोमीटर दूर वसलेले होते. 1595 साली आणि पुन्हा 1845 साली त्या पर्वतावरून उतरलेल्या चिखलाच्या लोंढ्यांनी तोच प्रदेश झाकून टाकला होता. म्हणजे ते नगर उभे होते ते जुन्या संहाराच्या थरावरच. 1985 च्या ऑक्टोबरात धोक्याचा नकाशा तयार झाला, त्यात आर्मेरो स्पष्टपणे दाखवले गेले. 13 नोव्हेंबरच्या रात्री नऊनंतर उद्रेक झाला, तप्त राखेने माथ्यावरचे बर्फ वितळवले, आणि पाणी, राख व दगडधोंडे यांचा लोंढा नदीच्या खोऱ्यातून धावत साडेअकराच्या सुमारास नगरावर येऊन आदळला. मधल्या दोन-अडीच तासांत लोकांना उंचवट्यावर चालत जाता आले असते. तो नकाशा काहींना भयवर्धक वाटला, काहींना खर्चाचा वाटला, अंमलदार एकमेकांकडे पाहत राहिले, आणि त्या रात्री नगरातील लोकांना घरातच थांबण्याचा धीर दिला गेला. त्या आपत्तीत सुमारे तेवीस हजार माणसे गेली. 1845 साली त्याच भूमीवर मेलेल्यांच्या मृत्यूला दैव म्हणण्यात कोणाचा अपराध झाकला जात नाही. 1985 साली मेलेल्यांच्या मृत्यूला दैव म्हणणे ही मात्र असत्य कैफियत होईल. मधल्या काळात पर्वत बदलला नाही, मनुष्याचे ज्ञान वाढले, आणि जेवढे ते वाढले तेवढी दैवाची हद्द मागे हटली.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत आणि दैवाला त्यांत पाचवे स्थान दिले आहे. ते नाकारलेले नाही, पण पहिलेही धरलेले नाही. योगवासिष्ठ तर पुढे जाऊन पुरुषार्थाचाच कैवार घेते. दैव आणि प्रयत्न यांची सीमा एकदा कायमची आखलेली आहे असे मानण्याची आपली प्रवृत्ती असते; वास्तविक ती ज्ञानाबरोबर सरकणारी सीमा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र सरत असताना, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि झोपेतली हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. त्या पहाटेची घटका आधी सांगता येईल असे शास्त्र तेव्हा नव्हते आणि अद्यापही नाही. शिलारस वर चढताना जशी पावले वाजवतो, तशी भूकंपाची विश्वासार्ह चाहूल अजून कोणाला सापडलेली नाही. म्हणून त्या घटकेच्या बाबतीत दैव हा शब्द प्रामाणिक आहे. भिंतींच्या बांधणीच्या बाबतीत तो तितका प्रामाणिक नाही, कारण धक्का सोसणारे घर कसे बांधावे हे मनुष्याला ठाऊक होते. एकाच आपत्तीत दैवाचा अंश किती आणि आपल्या कसुरीचा किती, हे असे बारकाईने वेगळे काढणे हेच नीतिविचाराचे काम आहे.

येथे आणखी एक मत विचारात घेणे प्राप्त आहे, ते म्हणजे आपत्ती ही पापाची शिक्षा असते हे. हे मत सामान्यांचेच असते असे नाही. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारात प्रलयंकर भूकंप झाला तेव्हा महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दलचा ईश्वरी दंड असल्याचे प्रतिपादन केले; आणि अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यात त्यांच्याशी एकमत असलेल्या रवींद्रनाथांनीच त्याला जाहीर विरोध करून भौतिक घटनांची कारणे भौतिक घटनांतच शोधली पाहिजेत असे बजावले. गांधीजींच्या हेतूविषयी मला अपार आदर आहे; आपत्तीने मनुष्याला अंतर्मुख करावे ही त्यांची तळमळ खरी होती. तरी या वादात रवींद्रनाथांची बाजू मला धर्माच्या दृष्टीनेही अधिक सुरक्षित वाटते. शिक्षा मानली की मेलेला अपराधी ठरतो. आर्मेरोतील बालकांना, किनारेजोतील गवळ्यांना अपराधी ठरवणारा ईश्वर मला वंदनीय वाटत नाही. आणि त्याहून वाईट असे की शिक्षेच्या कल्पनेत खरे अपराधी, म्हणजे नकाशा पाहूनही स्वस्थ बसलेले जबाबदार लोक, सुखरूप सुटतात.

मग पर्वतापुढे वस्त्रे व धूप वाहणाऱ्या त्या विधीला काही अर्थ उरतो काय? मला वाटते, पुष्कळ उरतो. योग्यकर्ताच्या पूर्वेस संबिसारी येथे 1966 साली शेतात कुदळ चालवणाऱ्या एका शेतकऱ्याला कोरीव दगड लागला, आणि पुढे उत्खननात सहा मीटरांहून अधिक खोल ज्वालामुखी राखेच्या व गाळाच्या थरांखालून एक संपूर्ण शिवमंदिर बाहेर आले. गाभाऱ्यात लिंग, आणि बाहेरच्या कोनाड्यांत महिषासुरमर्दिनी, गणेश व अगस्त्य. आजही ते मंदिर भोवतालच्या जमिनीच्या पातळीखाली, खोदलेल्या चौकात उभे आहे. पायऱ्या उतरून देवापाशी जावे लागते आणि उतरताना दोन्ही बाजूंस मेरापीने टाकलेल्या मातीचीच जाडी दिसते. ज्यांनी ते उभारले त्यांची पूजा पर्वताला थोपवू शकली नाही. पण त्याच मातीने जी भातशेती पोसली, तिच्यावर जगणारा मनुष्य पर्वतापुढे कृतज्ञतेने मस्तक नमवतो, यात असत्य काही नाही. आमच्या वेरूळचे कैलास ज्या काळ्या पाषाणात कोरले तोही कधीकाळी वाहिलेला लाव्हारसच आहे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थिजला, म्हणून आम्हाला भक्ती आणि भय यांचा हिशेब वेगळा करण्याची वेळ त्या बाबतीत आली नाही. जावातील मनुष्यावर ती रोज येते. श्रद्धा जोवर मनुष्याने पर्वतापुढे कसे राहावे हे सांगते, नम्र राहावे, घेतलेल्याचे ऋण मानावे, शेजाऱ्याला टाकून पळू नये असे शिकवते, तोवर तिचे स्थान कोणत्याही यंत्राला घेता येणार नाही. पर्वत उद्या काय करील हे ती सांगू लागते, तेव्हा मात्र ती आपली हद्द ओलांडते आणि तिच्यावर विसंबलेल्यांचा घात होतो.

हद्द शास्त्रालाही आहे, आणि ती त्याने विसरू नये. मेरापीच्या उतारावरून खाली आणलेले कितीतरी लोक दिवसा पुन्हा वर जात, कारण गोठ्यात गुरे होती आणि त्यांना वैरण घालणारे दुसरे कोणी नव्हते. ‘गाव सोडा’ एवढे सांगून ज्ञानाचे ऋण फिटत नाही. गुरांचे काय, उभ्या पिकाचे काय, छावणीतल्या म्हातारीचे काय, या प्रश्नांची उत्तरे हुकमाबरोबरच द्यावी लागतात, अन्यथा तो हुकूम गरिबाला पाळता न येणारा ठरतो आणि पुढचा दोष त्याच्याच हटवादाच्या माथी मारला जातो.

मारिजान यांच्यानंतर त्यांचे पुत्र आसिह यांची दरबाराने त्या जागी नेमणूक केली. लबुहान आजही होतो. आणि पर्वत खवळला तर वेधशाळेच्या सूचना पाळा असे हे नवे राखणदार लोकांना सांगतात. पित्याच्या निष्ठेचा यात मला भंग दिसत नाही, तिचा विस्तार दिसतो. राखण पर्वताची करावयाची म्हणजे पर्वतावर जगणाऱ्यांची करावयाची, हे ज्या दिवशी मान्य झाले त्या दिवशी दोन्ही राखणदारांचे काम एक झाले. जे जाणण्याजोगे आहे ते कसोशीने जाणून घ्यावे, जाणलेले निर्भयपणे सांगावे, सांगितलेले पाळता येईल अशी व्यवस्था करावी, आणि एवढे सारे करून झाल्यावर जे उरेल त्यालाच दैव म्हणून स्वीकारावे. या क्रमात दैवाचा स्वीकार अखेरीस येतो. ज्याने आधीच्या तीन पायऱ्या चढल्या नाहीत, त्याला त्या शब्दाचा उच्चार करण्याचा अधिकार नाही.